मण रुसला

बुधवारी सकाळी मणाने आमचा हळदीचा बाजार सोडला, आणि मणभर किंवा त्याहून जड असलेलं सगळं जमिनीवरून उठलं.

पोती उठली, म्हशी उठल्या, बाजार समितीचे सभापती शेटे उठले. पोरंटोरं तेवढी खाली राहिली. पोत्यांचं सोपं होतं. ती फोडून हळद शेराशेराने मोजली की मुकाट बसायची. माणसं फोडता येत नव्हती. माझी बायको सोनाबाई चिंचेच्या शेंड्याला अडकली होती. मला माझी मुलगी अनशी दोराने धरून हिंडवायची, आणि माझ्या जिवाला घोर होता तो तिचाच. मणाला ती जेमतेम कमी होती, त्यात वाढतं अंग. मी तिला अर्धीच भाकरी द्यायचो. चिंचेवरून सोनाबाई मला शिव्या घालायची, आणि ते बरोबरच होतं.

मण एसटी स्टँडवर बसून होता, कारण एसटी खाली येईना. दिसायला ठेंगणा, पोट सुटलेला. त्याची तक्रार साधी होती. बाजारात माप घालणारा मापारी मीच. माप घालताना आम्ही पहिल्याला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो आणि पुढे 'दोन'. म्हणजे पहिला मण आजवर मोजलाच गेला नाही, असं त्याचं म्हणणं. एकदा खऱ्या मापावर 'एक' म्हणा, मी कामावर येतो, असं तो म्हणाला. सभापतींनी हवेतच बैठक घेतली. 'एक' म्हटलं तर बरकत जाईल, तरंगणं परवडलं, असं एकमताने ठरलं.

दोन दिवसांनी माझा धीर सुटला. म्हटलं, खड्ड्यात गेली बरकत. स्टँडच्या तुळईला तराजू टांगला. पण मणभर असं जमिनीवर उरलंच होतं काय? मग अनशीला पोटभर जेवू घातलं आणि पारड्यात बसवलं. समोर मण बसला. ती शेवटचा घास चावत होती तेव्हा काटा सरळ झाला.

"म्हणा," मण म्हणाला.

मी पोरीकडे पाहिलं. तिला नुसतं एक म्हणायला माझी जीभ वळेना.

"लाभ," मी म्हणालो.

मण पारड्यातून उतरला, धोतर झटकलं आणि पायीच पुढच्या गावाला निघाला. अनशी हळूहळू वर येऊन माझ्या खांद्याला टेकली.

"अण्णा, आता आईकडं जाऊया," ती म्हणाली.

हवेत हात मारत आम्ही निघालो. सोनाबाई फांदीवर सरकून जागा करत होती.