पेंडिंग मुलीच्या आईचा चहा

आमच्या करंजवेळ गावात मुलाचं नाव आईचा चहा ठरवतो. आत्या गॅसपाशी उभी राहून नाव घेते, आणि ज्या नावाला चहा पातेल्याच्या काठाबाहेर येतो ते नाव पक्कं होतं. सांडलेल्या चहात बोट बुडवून मुलाच्या कपाळाला टिकली लावतात, नगरपरिषदेत कळवतात, आणि मग आत्या मुलाच्या कानात कुर्र करते. दुसऱ्या गावांत काय पद्धत आहे मला माहीत नाही. माझं माहेरही इथलंच, खालच्या आळीतलं. माझं शालन हे नाव पहिल्याच उकळीला आलं, असं आई सांगते.

माझ्या मुलीचं नाव मात्र ठरत नव्हतं, कारण मी पिशवीचा चहा पिते.

बाळंतपणानंतर मी दुधाचा चहा घेतला की माझ्या छातीत जळजळायचं आणि माझं दूध पिऊन तिच्या पोटात मुरडा यायचा. पाय पोटाशी घेऊन अशी रडायची की मला वाटायचं, आता ही निळी पडते की काय. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "कोरा घेत जा." मग ह्यांनी आठवडी बाजारातून सगळ्यात स्वस्त खोका आणला. खोक्यावर पिवळा सूर्य होता आणि खाली 'ब्रेकफास्ट टी' लिहिलेलं. आत कागदाच्या पिशव्या, पिशवीला दोरा, दोऱ्याच्या टोकाला कागदाचा चौकोन. कपात पिशवी ठेवायची आणि वरून उकळतं पाणी ओतायचं. पाण्यात आधी तपकिरी धूर उतरतो, मग सगळा कप विटेसारखा लाल होतो. चव जराशी तुरट, जिभेच्या कडा धरणारी. पहिल्याच घोटाला तो मला आवडला. लेकीचा मुरडाही थांबला.

पण कपातला चहा काही उकळत नाही. मग तो उतू कसा जाणार?

सासूबाईंनी त्यांच्या परीनं मार्ग काढून पाहिला. त्यांनी स्वतः आलं ठेचून दुधाचा चहा ठेवला आणि 'भागीरथी' म्हणाल्या. भागीरथी हे त्यांच्या आईचं नाव. चहा फसफसून बाहेर आला, बर्नर विझला. नगरपरिषदेनं मान्य केलं नाही. म्हणाले, हा चहा आजीचा आहे, आईचा नाही. पाहिजे तर आजीला भागीरथी नाव देता येईल.

मग सगळे माझ्या मागे लागले.

"एक दिवस दुधाचा पी की. काय मरणार आहेस?" सासूबाई म्हणाल्या. "पाण्यात चिंधी बुडवून पितेस. त्याला काय चहा म्हणायचं? आंघोळीचं पाणी ते."

मी नाक मुठीत धरून प्यायलेसुद्धा. त्या दिवशी पातेलं गॅसवर तासभर उकळत होतं आणि चहा काठापर्यंत येऊन खाली बसत होता. मनाविरुद्ध पिणाऱ्याचा चहा नाव देत नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रात्रभर लेक रडली ते वेगळंच.

तोवर ती रांगायला लागली होती. कागदोपत्री तिच्या नावाच्या जागी 'प्रलंबित' असं लिहिलेलं, म्हणून लस टोचायला नेलं की सिस्टर दारातून ओरडायच्या, "पेंडिंगची आई, या आत!" आळीतली पोरंही तेच शिकली. खिडकीला लोंबकळून हाका मारायची, "ए पेंडिंग!" आणि आमच्याकडे नियम असा आहे की मूल आपल्या पायांनी उंबरा ओलांडेपर्यंत चहानं नाव दिलं नाही, तर लोक ज्या नावानं हाक मारतात तेच कायम होतं. पाटलांच्या गल्लीत एक 'बारकं' आहे. त्याला आता नातू आहेत.

लेक भिंत धरून उभी राहायला लागली आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. तशी मी भित्रीच आहे. टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या होत्या. परकराच्या नाड्या, पडद्याच्या दोऱ्या, काही म्हणून लोंबतं ठेवलं नव्हतं. चहाच्या पिशवीचा दोराही मी आधी कात्रीनं कापायचे आणि मगच पिशवी कपात टाकायचे. तिनं दोरा ओढला आणि गरम कप अंगावर घेतला तर? सगळं केलं होतं, फक्त हाक मारायला नाव नव्हतं. मागच्या दारी सकाळी बंब पेटलेला असतो. ती तिकडे निघाली की मी ओरडायचे, "अगं! ए! अगं!" ती वळून बघायची नाही. तिनं का बघावं? गावात अर्ध्या बायकांना अगंच म्हणतात.

नाव घ्यायचा हक्क आत्याचा. माझी नणंद कुंदाताई. ती दर वेळी एसटीनं यायची आणि मोबाइलमधून नवीन नाव आणायची. या खेपेला 'त्रिशिका' होतं. मी एकदा धुणं वाळत घालताना ते म्हणून पाहिलं. लांब हाक मारल्यासारखं. जीभ मध्येच अडकते. त्रि म्हणेपर्यंत ती उंबऱ्यावर, शिका म्हणेपर्यंत बंबापाशी. मग मी दुसरी नावं म्हणून पाहिली. त्यातलं 'सगुणा' असं सुटलं की पलीकडच्या वाफ्यात काम करणाऱ्या बाईनं वर बघितलं. मी कुणाला बोलले नाही. आईचा हक्क फक्त चहापुरता.

शेवटी ह्यांनी अर्ज दिला आणि नगरपरिषदेचे चहा निरीक्षक आले. त्यांचं नाव झाकण टिपरे. ते आल्या आल्या टोपी काढून टेबलावर ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज पिता तोच कप, तोच खोका, तेच पाणी. नवीन काही आणायचं नाही."

सासूबाई पदरानं खुर्ची पुसत म्हणाल्या, "साहेब, आधी तुम्हाला चहा टाकते."

"चौकशी चालू असताना त्या घरचा चहा मला चालत नाही, आजी."

मी पिशवी काढली आणि सवयीनं कात्री उचलली.

"हे काय करताय?"

"दोरा कापतेय. बाळ ओढेल."

"पिशवी दुकानातून आली तशीच हवी." टिपरे साहेब शांतपणे म्हणाले. "पातेल्याचे कान कापून कुणी चहा ठेवतं का?"

मग मी कात्री ठेवली. कप टेबलाच्या अगदी मधोमध सरकवला आणि ह्यांना म्हटलं, "तुम्ही तिला घट्ट धरून बसा. सोडायचं नाही." हे म्हणाले, "हो गं, बाई." मी पाणी ओतलं. पिशवी फुगली, पाणी लाल झालं. दोरा काठावरून बाहेर लोंबत होता, टोकाला पांढरा चौकोन. मला त्या दोऱ्याकडे बघवत नव्हतं.

कुंदाताई पदर खोचून पुढं झाली आणि कपावर वाकून म्हणाली, "त्रिशिका."

काही झालं नाही.

"जरा मोठ्यानं म्हणा," टिपरे साहेब म्हणाले.

"त्रिशिका! त्रिशिका! अहो, याला कान तरी आहेत का?"

"चिंधीला कुठले कान?" सासूबाई मागून म्हणाल्या आणि हळूच जोडलं, "भागीरथी."

"आई, मध्ये बोलू नकोस! तुझं एकदा होऊन गेलंय."

"माझं मान्य केलं नाही म्हणून काय मी बोलायचं पण नाही?"

कुंदाताई त्रिशिका म्हणत राहिली. तिचा आवाज बसत चालला. कपातला चहा तसाच, काठाच्या बोटभर खाली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही जन्मभर पेंडिंग. लग्नपत्रिकेवर चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी पेंडिंग छापतील.

तेवढ्यात टिपरे साहेबांनी हात वर केला. "थांबा. कुणी बोलू नका. चहा निघालाय."

आम्ही सगळे वाकलो. दोरा पांढरा राहिला नव्हता. चहा दोऱ्यात शिरून वर चढत होता. काठापर्यंत आला, काठावरून वळला आणि बाहेरच्या अंगानं खाली उतरायला लागला. घाई नाही, गडबड नाही. दुधाचा चहा एका झटक्यात येतो आणि शेगडी घाण करतो. हा एकेक धागा भिजवत येत होता.

"काठ ओलांडला की!" हे म्हणाले.

"दोरा पिशवीचाच भाग आहे," टिपरे साहेब म्हणाले. "दोऱ्यावरून सुटून थेंब खाली पडला, तर बाहेर आला असं धरता येईल. थेंब पडताना जो शब्द कानावर येईल तो नाव. म्हणून बाकीच्यांनी तोंड बंद ठेवा. आत्याबाई, तुम्ही तयार राहा."

कुंदाताईनं मान हलवली. घरात इतकी शांतता झाली की मागच्या दारच्या बंबातलं लाकूड तडतडलेलं ऐकू आलं. चौकोन एका कोपऱ्यापासून तपकिरी झाला. मग अर्धा. मग सगळा. खालच्या टोकाला थेंब धरला. कुंदाताईनं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि तिला खोकला आला. सकाळपासून ओरडून घसा पार सुकला होता. ती तोंडावर पदर दाबून खोकत राहिली.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचे दोन्ही हात टेबलावर होते आणि नजर थेंबावर.

लेक मांडीवर नव्हती.

ती मागच्या दारात होती. चौकट धरून दोन पायांवर उभी. समोर बंब, खालच्या जाळीतून लाल निखारे दिसत होते, आणि तिला ते हवे होते. तिनं चौकट सोडली. एक पाय उंबऱ्यावर ठेवला.

माझ्यात आणि तिच्यात टेबल, सासूबाई आणि खोकणारी कुंदाताई. पळून पोचले नसते. ओरडायलाच हवं होतं. आणि मी 'अगं' म्हटलं असतं तर माझ्या मुलीचं नाव अगं झालं असतं. हे सगळं माझ्या डोक्यात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. तोंडातून मात्र अगं निघालं नाही.

"सगुणाऽऽ!"

ती थांबली. पाय उंबऱ्यावर तसाच. मग मान वळवून तिनं माझ्याकडे बघितलं. जन्माला आल्यापासून पहिल्यांदा हाकेला वळली. वळली, तोल गेला आणि घरातल्या बाजूला बदकन बसली.

हाकेसरशी टेबलावर थेंब पडला होता.

मी तिला उचललं. हात बघितले, पाय बघितले, केस हुंगले. काही झालेलं नव्हतं. मागं कुंदाताईला आवाज फुटला होता.

"हे चालणार नाही. हक्क माझा आहे! आत्या मी आहे, तिनं कशी काय हाक मारली?"

टिपरे साहेब थेंबाकडे बघत होते. ते म्हणाले, "आत्याबाई, माझ्या आत्यानं माझ्यासाठी जयवंत नाव आणलं होतं. फार चांगलं नाव. तिनं ते घ्यायला आणि चहा वर यायला एकच गाठ पडली, आणि माझी आजी ओरडली, 'अगं, झाकण!' आत्या नगरपरिषदेपर्यंत गेली होती. निकाल असा लागला की चहा हक्क बघत नाही, ऐकू येईल ते घेतो. गेली चाळीस वर्षं मी त्या निकालावर सही करतोय. स्वतःच्याच नावानं."

ह्यांनी मान खाली घातली होती.

"आणि उंबरा?" सासूबाईंनी विचारलं. "पोरीनं पाय ठेवला होता."

"ठेवला होता. ओलांडला नव्हता." टिपरे साहेबांनी बोटाचं टोक थेंबावर ठेवलं. दुधाचा चहा सांडला की ओटाभर होतो आणि पुसायला फडकं लागतं. आमचा थेंब एका टिकलीपुरताच होता. तो त्यांनी माझ्या लेकीच्या कपाळाला लावला. "सगुणा. दोऱ्यावरून. मान्य."

कुंदाताईनं घोटभर पाणी पिऊन लेकीला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. "सगुणा तर सगुणा. कुर्र मात्र मीच करणार. तिथं कुणाचा थेंब बिंब चालायचा नाही." आणि बसक्या आवाजात तिनं तिच्या कानात अशी काही कुर्र केली की लेक हसायला लागली.

मी खुर्चीवर बसले. कपातला चहा माझाच होता. निवला होता, पिशवी आत राहून कडूही झाला होता. मी तो सगळ्यांच्या समोर, बशीत न ओतता, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. कुणी मला उठून काही करायला सांगितलं नाही.

टिपरे साहेबांनी टोपी घातली नाही. "चौकशी संपली," ते म्हणाले. "आता चहा चालेल."

सासूबाई पातेलं घ्यायला उठल्या.

"तो नको. वहिनींचा द्या. दोऱ्यासकट."

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मलाही एक चिंधी बुडव. साखर जास्त घाल."

आता मी दोरा कापत नाही. कप टेबलाच्या मधोमध ठेवते. रोज सकाळी चहा दोऱ्यावरून चढतो, बाहेर येतो, आणि टेबलावर एक थेंब पडतो. पुसून टाकते. खालच्या आळीतल्या दोघी पोटुश्या बायका खोक्यावरचा पिवळा सूर्य बघून गेल्या आहेत.

सगुणा चालते. मागच्या दाराकडे निघाली की मी हाक मारते. ती थांबत नाही. पण वळून बघते, आणि मग जाते.