पोडियमवरचं उत्तर

सरकारी प्रवक्त्याला उभ्याने फैलावर घेणारा माणूस मी एकच पाहिला. अमेरिकेत पिस्कॅटवेला ज्यांच्या घरी मी खोली घेऊन राहत होतो, ते दामले काका. प्रवक्ता टीव्हीत असायचा, काका हॉलमध्ये.

तेव्हा तिथल्या एका गुप्तहेर बाईंचं प्रकरण गाजत होतं. त्यांचं नाव सरकारातल्याच कुणीतरी वर्तमानपत्रांना पुरवलं होतं. कुणी पुरवलं, हे पत्रकार रोज विचारत आणि प्रवक्ता रोज पोडियमवरून सांगे, "चौकशी चालू असताना बोलणं योग्य नाही."

"अरे, हो की नाही ते बोल!" काका ओरडत. मग पत्रकारांवर घसरत, "फॉलो-अप विचार ना यार! बसला काय खाली?"

ब्रीफिंग संपलं तरी काकांचं संपत नसे. गणपतीच्या जेवणात त्यांनी कुलकर्णी काकूंना विचारलं, "मसालेभातात मीठ जास्त पडलंय का?"

"यंदा मसाला नागपूरहून आणलाय," काकू म्हणाल्या.

"मी मसाल्याचं विचारलं नाही."

सगळ्या पंगतीसमोर काकूंना मीठ कबूल करावं लागलं. मीही सुटलो नाही. पीएचडी कधी संपणार, या प्रश्नावर "प्रोग्रेस चांगला आहे" म्हणालो, तर काका म्हणाले, "हे पोडियमवरचं उत्तर झालं. महिना सांग."

काकांची मुलगी मुग्धा कॅलिफोर्नियात होती. दामले काकू गेल्यापासून ती थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला घरी आली नव्हती. एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. स्पीकर चालू होता.

"बाबा, थँक्सगिव्हिंगचं अजून शुअर नाही. वर्क इज क्रेझी. लेट्स सी, ओके?"

आता काका तिला धारेवर धरणार, म्हणून मी कान टवकारले.

"बरं, बरं," काका म्हणाले. "तिकडे थंडी आहे का गं?"

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. "काका, येणार की नाही, विचारलं का नाहीत?"

त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

"विचारलं तर तिला काहीतरी बनवून सांगावं लागेल. लहानपणी खोटं बोलली की तिचे कान लाल व्हायचे. मग दिवसभर केस पुढे घेऊन हिंडायची. बघवायचं नाही रे मला."