सगळ्यांनी एकदम बटण दाबा!

सासूबाईंची इस्त्री. वजन असं, की सुरकुत्या तिला नुसत्या बघूनच सरळ होतात.

कोपऱ्यावरच्या न्हाव्याचं केस वाळवायचं यंत्र.

गॅसची शेगडी, तिच्यावर चहाचं पातेलं.

साहेबांचा हात. हवेत. डावीकडून उजवीकडे.

मंडळी, यातल्या कशाचाही कशाशी संबंध नव्हता. तो मी जोडला!

कारण वीज आणि गॅसचे दर का वाढवावे लागतात, हे मी कुणालाही पटवून देऊ शकतो. कुणालाही! कंपनीच्या तक्रार खिडकीत बसून मी इतक्या शिव्या खाल्ल्यात, की डबा न्यायची गरज पडत नाही. त्या खिडकीत फक्त बिघाड पोचतात. वीज गेली, गॅसला दाब नाही, मीटर पळतोय! कुठे काही सुरळीत झालं, तर ती बातमी आमच्याकडे फिरकतसुद्धा नाही.

तर दरवाढीची जनसुनावणी ठरली, बोलणाऱ्याचा घसा बसला, आणि साहेब मला म्हणाले, "तुम्ही बोला. निभावलंत तर जनसंपर्क विभाग. नाही तर खिडकी आहेच."

खिडकीतून सुटका! मी लगेच घरी सासूबाईंसमोर तालीम केली.

"संध्याकाळी सगळेच एकदम इस्त्री, हीटर, दिवे लावतात. त्या तासाभरासाठी जाड तारा आणि मोठी यंत्रं उभारावी लागतात. उरलेला दिवस ती नुसती बसून खातात."

"जावयासारखी," सासूबाई म्हणाल्या.

"गॅसच्या नळ्या जमिनीखाली गंजतात, त्या बदलायच्या. शिवाय गॅस जाळूनच वीज करतात. गॅस महागला की वीजही महागली!"

"हे सगळं बोलणं झालं. दाखवा! डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला पटत नाही. लग्न ठरवताना तुमचं नुसतं ऐकून पटलं होतं, तेवढं पुरे."

दाखवा! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अहो, आईचं बोलणं इतकं मनावर घेऊ नका," बायको म्हणाली.

मी घेतलं.

गल्लीभर सांगत सुटलो, 'सुनावणीला येताना घरातलं एखादं विजेचं उपकरण आणा!' लोक असे आले, जणू सभागृहात फुकट दुरुस्ती होती. हीटर आले, मिक्सर आले, न्हावी केस वाळवायचं यंत्र घेऊन आला, एक आजोबा तर पाणी तापवायची कांडी तलवारीसारखी धरून आले. सभागृहाचा फ्यूज मध्येच दगा देऊ नये, म्हणून वायरमनकडून तिथे जाड तार घालून घेतली. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "माझ्या जबाबदारीवर घाल!"

सुनावणी घेणाऱ्या मॅडम समोर, बाजूला साहेब, कोपऱ्यात शेगडीवर चहा.

"आता संध्याकाळ झाली असं समजा," मी गरजलो. "सगळ्यांनी एकदम बटण दाबा!"

आधी दिवे पिवळे पडले. मग सासूबाईंच्या इस्त्रीने कण्हल्यासारखा आवाज केला. मग बाहेर खांबावर 'धडाम्!'

अंधार. शेगडीची निळी ज्योत तेवढी शिल्लक. त्या उजेडात साहेबांचा चेहराही निळा दिसला. उजेडामुळेच असेल, असं मला वाटलं.

वायरमन बाहेर जाऊन आला. "ट्रान्सफॉर्मर गेला!"

"किती जुना होता हो?" मॅडमनी विचारलं.

बघा! आयती संधी! "फार जुना, मॅडम! त्याचं आयुष्य कधीच संपलं होतं! बदलायला पैसे हवेत, म्हणूनच दरवाढ!"

साहेबांनी हात हवेत डावीकडून उजवीकडे फिरवला. माझ्या ध्यानात आलं, ते म्हणताहेत, सगळीकडचं सांग!

"हा एकच नाही, मॅडम! या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे असेच कुजलेले!"

साहेब दोन्ही हात हलवू लागले. मी आणखी चेव येऊन बोललो.

तेवढ्यात अंधारातून सासूबाईंचा आवाज, "पटलं मला! वाढवा दर! माणूस एवढा जीव तोडून सांगतोय!"

आणि टाळ्या! अंधारात मिळालेल्या टाळ्या जास्त जोरात लागतात, मंडळी. मी वाकून नमस्कार केला. साहेबांकडे बघून तर दोनदा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा खिडकीत होतो. रांगेत पहिल्या सासूबाई, हातात काळी पडलेली इस्त्री.

"जावईबापू, हिचं काय?"

"तक्रार नोंदवून घेतो, आई."

"आणि ते तुमचं जनसंपर्काचं?"

"तीसुद्धा नोंदवून घेतो."

ट्रान्सफॉर्मर सुनावणीच्या आदल्याच आठवड्यात नवाकोरा बसवला होता, आणि त्याची फीत साहेबांनी स्वतः कापली होती.