सबंध पानाचा पाम

बायकोचा लाडका पाम आपण आपल्याच हातानं घालवला, हे त्याला रविवारी सकाळी कळलं, तेही दाताच्या डॉक्टरांकडून.

डॉक्टर म्हणजे बायको ज्यात होती त्या पाम लावणाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. ती वारल्यानंतर पहिल्यांदाच घरी आले आणि थेट गॅलरीत शिरले. एकाच झाडाच्या बिया तिनं लावल्या होत्या, पण रोपं सख्ख्या भावंडांसारखी निघाली: एक ताडमाड, एक बुटकं, एकाच्या देठाला काटे, एकाचा देठ गुळगुळीत.

"आणि तो कुठाय?" डॉक्टरांनी विचारलं. "ज्याच्या पानांना चिरा पडत नव्हत्या तो? हजारांत एखादा निघतो तसा. प्रदर्शनात बाईंच्या नावानं मांडायचाय."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. फॅन पाम म्हणजे पंख्यासारख्या पानाला चिरा पडून पट्ट्या व्हायला हव्यात, एवढंच त्याला ठाऊक. याची पानं ताटासारखी सबंध. त्यानं इमानेइतबारे पाणी घातलं, खत घातलं, पण पानं काही फाटेनात. शेवटी रोगट समजून त्यानं तो मेहुणीला देऊन टाकला होता.

'तुम्ही व्हा पुढं, मी आणतो' एवढंच म्हणून तो पायात सापडेल ती चप्पल सरकवून धावत सुटला. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं. बहिणीची आठवण म्हणून मेहुणी अडून बसली, तर सरळ पाया पडायचं.

तशी वेळच आली नाही. मेहुणीनं हसतच दार उघडलं.

"भाऊजी, तुमचा पाम बरा केला बघा. ताईच्या हातचं झाड, तसंच कसं राहू द्यायचं?"

पाम खिडकीत उभा होता. एकूण एक पानाच्या घडीघडीवर कात्री चालवून तिनं पट्ट्या पाडल्या होत्या. ब्लाउज शिवणारी बाई ती; एक पट्टी सूतभर इकडची तिकडे नव्हती. वर टोकंही तिरकी कापलेली.

तो खिडकीपाशी जाऊन खाली बसला. तिनं पाणी दिलं, तेव्हा त्यानं डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पानावरून हात फिरवत तिनं अगदी हळू विचारलं, "शिवून देऊ का?"

ती थट्टा करत नव्हती. त्यानंही क्षणभर विचार केला.

मधोमध एक नवा कोंब आहे, अजून घट्ट मिटलेला. तो उघडला की पान सबंध निघेल, पण त्याला महिना तरी लागेल, आणि प्रदर्शन येत्या रविवारी आहे. डॉक्टरांचे दोन फोन येऊन गेले. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही.