कुणाचाही नसलेला बाक

आमच्या वसंतकाकांना नुसतं "पोहे छान झालेत" असं म्हणता येत नाही. ते बशी खाली ठेवतात, घसा साफ करतात आणि विचारतात, "क, पोह्यांवर लिंबू पिळलं आहे काय? ख, यदि हाँ, तो कब? ग, यदि नहीं, तो क्यों, आणि याला जिम्मेदार कोण?" माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "जिम्मेदार बसलेत बघा तुमच्यासमोर! कालपासून लिंबं आणा म्हणतेय." मग तेच बिनलिंबाचे पोहे काका दोनदा मागून घेतात.

काका आमच्या वार्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक. नानाखेड्याला बसस्टँडच्या मागे आमची कॉलनी, आणि त्यांची भिंत ती माझी भिंत. परिषदेत, म्हणजे महापालिकेच्या सभेत, प्रश्न मांडायचा तर आधी लेखी द्यावा लागतो, तोही इकडच्या सरकारी हिंदीत, क-ख-ग पाडून. माझं माधव नगरात टायपिंगचं दुकान, म्हणून ही सगळी ब्याद माझ्या गळ्यात. फुकट, हे काय सांगायचं? वर "मन्या, इथला पूर्णविराम कुठाय?" हेही ऐकून घ्यायचं.

क-ख-ग त्यांच्या अंगातच मुरलंय. माझ्या बहिणीला बघायला मुलगा आला तेव्हा काका वडीलधारे म्हणून बसले होते. त्यांनी त्याला बिंदुवार माहिती मागितली. पगार, सिगारेट, आईशी भांडण झाल्यास कोणाची बाजू घेणार. बिचाऱ्यानं घाम पुसत बिंदुवार दिली. लग्न झालं, दोन मुलं झाली, पण जावईबापू अजून काकांना बघितलं की उठून उभे राहतात.

माणूस सरळ, पण इतका सरळ की शेजाऱ्यानं मरावं. पार्षद निधीतून सगळ्या वार्डाचे खड्डे बुजले, फक्त आमच्या दोन घरांसमोरचा राहिला. "आधी आपला बुजवला तर लोक काय म्हणतील?" मी त्यात स्कूटरसकट दोनदा पडलोय. काकांनी दोन्ही वेळा हळद लावून दिली आणि खड्ड्याचा नंबर काही वर घेतला नाही.

त्या बाकाचंही असंच झालं.

काकांच्या बायको सुमनकाकू, म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या बाई. दर गुरुवारी गल्लीच्या टोकाच्या दत्तमंदिरात आरतीला जायच्या. पुढे छातीचं दुखणं लागलं. अर्धी वाट चालल्या की दम लागायचा, दहा मिनिटं बसावंच लागायचं. बसायचं कुठे? लोकांचे ओटे आहेत की, मी म्हटलं.

"नको रे बाबा," काकू म्हणाल्या. "पार्षदाची बायको ओट्यावर बसली की आतून चहा येतो, आणि चहाच्या मागून अर्ज येतो. आता प्यायला चहा, नाही कसं म्हणू?"

"मग फोल्डिंगची खुर्ची नेऊ या."

"हो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येऊ दे, पार्षद की पत्नी धरने पर!"

त्यांना असा बाक पाहिजे होता की जो कुणाचाच नाही. त्यावर हक्कानं बसावं, उठावं, चालायला लागावं. निम्म्या वाटेवर एक कडुलिंब आहे, त्याच्याखाली.

मी म्हटलं, "काका, निधीतून टाका ना एक सिमेंटचा. हाय काय अन् नाय काय!"

काका माझ्याकडे असे बघायला लागले की जसं मी त्यांच्या खिशात हात घातला. "माझा निधी, आणि माझीच बायको बसणार? छे! परिषदेत प्रश्न लावू. आम जनतेच्या मदातून आला पाहिजे." मद म्हणजे बजेटातला खण. या माणसाला बाक नको होता, बाकाचा खण पाहिजे होता.

प्रश्न मीच टाइप केला. "वार्ड के वयोवृद्ध नागरिकों हेतु." काकूंचं नाव कुठे नाही. प्रश्नांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो आणि प्रश्नकाल तासाभराचा. आमची चिठ्ठी शेवटून दुसरी निघाली, तास संपला, लेखी उत्तर घरी आलं, "कार्यवाही प्रचलन में है." म्हणजे काही होत नाहीये, पण सभ्यपणे. दोन-तीन महिन्यांनी पुढची बैठक, पुन्हा चिठ्ठी, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

मधल्या काळात काकूंची वाट आखडत चालली. आधी कडुलिंबापर्यंत जायच्या, मग आमच्या फाटकापर्यंत, मग अंगणातल्या तुळशीपर्यंत. दिवाळीनंतर त्या पलंगावरून उठल्या नाहीत. डॉक्टरांनी काकांना आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की आता चालणं वगैरे विसरा, फक्त सांभाळा. काकूंना कुणी काही बोललं नाही.

आणि अशात काकांची चिठ्ठी पहिली निघाली! त्या दिवशी सकाळी काकू पडल्या पडल्या म्हणाल्या, "आज आपला नंबर ना? मोठ्यानं वाचा, पुटपुटू नका."

मी फाइल घेऊन बरोबर गेलो आणि दर्शकांत बसलो. काकांनी मोठ्यानं वाचलं, अगदी बाईंनी सांगितल्यासारखं. खात्याच्या साहेबांनी उत्तर वाचलं, "इस मद में राशि उपलब्ध नहीं है. आगामी बजट में विचार किया जाएगा." अध्यक्षांनी विचारलं, "कोई पूरक प्रश्न?" काका उभेच होते. मग "नहीं, अध्यक्ष महोदय" म्हणून खाली बसले. पूरक प्रश्नाशिवाय बसलेले काका मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

परतताना ऑटोत माझी सटकली. मोठ्या माणसाला बोलू नये, पण बोललो. "काका, निधीतून टाकला असता तर गेल्या वर्षी बसल्या असत्या त्या! कोण काय म्हणणार होतं? आणि म्हटलं असतं तर म्हटलं असतं!"

 गल्लीत वळताना काका म्हणाले, "हो रे मन्या. मला वाटलं, वेळ आहे."

मला माझीच जीभ हासडून टाकावीशी वाटली.

घरी गेलो. काकू दाराकडेच तोंड करून पडल्या होत्या. "काय झालं?"

काकांनी जाकीट काढून खुंटीला लावलं. "मंजूर झाला."

मी चाटच पडलो. मतमोजणीत स्वतःला एक मत चुकून जास्त धरलं म्हणून फेरमोजणी मागणारा हा माणूस!

"कडुलिंबाखालीच ना?"

"बरोब्बर कडुलिंबाखाली."

"पाठ आहे का त्याला? नुसती फळी असली तर मला नाही बसवणार."

"पाठ आहे. हात टेकायलाही आहे."

"आणि कुणाचं नाव तर नाही ना रंगवणार वर? सौजन्य अमुक-तमुक?"

"नाही सुमन. कुणाचंच नाव नाही."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षं मुलांच्या थापा पकडलेल्या बाई. "तू होतास ना रे? खरं सांगताहेत का हे?"

"हो काकू," मी म्हटलं. "टाळ्या पण पडल्या."

 काकूंचा चेहरा असा खुलला की माझ्याच्यानं बघवेना. मग म्हणाल्या, "तर मग येत्या गुरुवारी जाऊ. माझं हिरवं पातळ काढून ठेवा. खालच्या खणात आहे."

काकांनी ते शोधून आणलं. काकूंनी हात फिरवून पाहिला. "चुरगळलंय हो."

"करतो इस्त्री," म्हणत काका बाहेरच्या खोलीत आले. टेबलावर चादर घातली, इस्त्री लावली, आणि मला हातानंच "तू जा" अशी खूण केली. मी चपला घालेपर्यंत त्यांनी पहिली घडी उलगडली होती. डोळ्यांतून नुसत्या धारा लागल्या होत्या. ते एका हाताने पुसत होते आणि दुसऱ्या हाताने इस्त्री फिरवत होते.

आतून काकू म्हणाल्या, "काठ सांभाळा हं, जरीचा आहे."

"सांभाळतो," काका म्हणाले. आवाज अगदी साफ होता.