नथनेल अस्वलाची सुट्टी

मुलांनो, नदीपलीकडच्या जंगलात प्राण्यांचं एक कॉलेज होतं. तिथल्या वसतिगृहात नथनेल नावाचं तरुण अस्वल राहायचं. नथनेल फार भाविक होता. पहाटेची प्रार्थना त्याने कधीच चुकवली नाही. चुकवणार कशी? प्रार्थना मंडळाचा पुढारी एलिया कोंबडा त्याच्याच खोलीत राहायचा.

एलियाला पहाटे आपोआप जाग यायची. कोंबड्यांना येतेच. पण तो तिला आत्मिक शिस्त म्हणायचा.

उन्हाळ्याची सुट्टी लागली तेव्हा एलियाने सगळ्यांना जवळ बसवलं.

"घरी मोह फार असतात," तो म्हणाला. "सांभाळा. रोज पहाटे मोबाइलवर आपली प्रार्थना होईल. जो चुकेल तो घसरला, असं समजू."

नथनेलच्या घरामागे खरोखरच मोहाची झाडं होती, आणि ती फुलली होती. तरी तो गहिवरून म्हणाला, "मी नाही घसरणार."

घरी पोचला, पोटभर फुलं खाल्ली आणि झोपला. पहाटे मोबाइल वाजून वाजून दमला.

शेवटी आईने त्याला हलवलं. "ऊठ. शेजारच्या तबीथाकाकू पडल्यात. पाय मोडलाय. त्यांचं पाणी भरून दे."

"आई, ही माझी प्रार्थनेची वेळ आहे."

"घोरत होतास की."

"मनातल्या मनात चालली होती."

आईने बादली त्याच्या हातात दिली.

तबीथाकाकू म्हणजे म्हातारी सायाळ. एकट्याच राहायच्या. नथनेलने पाणी भरलं, तशा त्या म्हणाल्या, "बस जरा. सकाळी बरं असतं रे. रात्रीची भीती वाटते. मेले तर कुणाला कळायचंही नाही."

भीतीवर काय बोलावं, हे मंडळात शिकवलं होतं. नथनेलला त्यातलं सगळं पाठ होतं. पण ते म्हणायचं सोडून संध्याकाळी तो अंथरूण घेऊन आला आणि त्यांच्या दारात झोपला. मग रोजच झोपू लागला.

उठल्यावर पाणी भरायचं, मग काकूंना स्तोत्र वाचून दाखवायचं. काकूंना मध्येच झोप लागायची. उरलेलं तो हळू आवाजात एकटाच वाचून संपवायचा. नेमका तेव्हाच मोबाइल वाजायचा. तो बंद करताना नथनेलला वाईट वाटायचं. आपण घसरलो, हे त्याला कळत होतं.

एकदा काकूंना सडकून ताप भरला. त्यांनी नथनेलचा पंजा घट्ट धरला. अंगावरचे काटे उभे राहिले आणि त्याला टोचू लागले. त्याने पंजा सोडवून घेतला नाही. मंडळातली एकही लांबलचक प्रार्थना त्याला आठवेना. "प्रभू, काकूंना बरं कर," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. दुपारी ताप उतरला.

सुट्टी संपता संपता काकू त्याच्या आधाराने चालत चर्चला गेल्या. वाटेत त्यांनी त्याला आणखी बरंच टोचलं.

नथनेल वसतिगृहात परतला. मंडळात सगळे आपापली साक्ष देत होते. माकड म्हणालं, "माझी एकही पहाट चुकली नाही." ते खरं होतं. ते रोज मोबाइल सुरू करून पुन्हा झोपायचं.

नथनेलची पाळी आली. तो खाली बघत म्हणाला, "माझ्या सगळ्याच चुकल्या. आधी झोपेत गेल्या. नंतर शेजारच्या काकूंचं पाणी भरायचं असायचं."

एलिया कळवळला. "सैतान असाच येतो. हातात बादली देतो."

मग नथनेल पुन्हा विश्वासात यावा म्हणून सगळ्यांनी त्याच्याभोवती गुडघे टेकले. नथनेलनेही टेकले. डोळे मिटले, तर त्याच्या मनात आलं, आता काकूंचं पाणी कोण भरत असेल? रात्री दारात कोण झोपत असेल? प्रभू, कुणाला तरी पाठव.

"नथनेल," एलिया हळूच म्हणाला, "निदान प्रार्थनेत तरी लक्ष दे."

तात्पर्य: सुट्टीत विश्वास टिकवायचा असेल, तर आजारी शेजाऱ्याकडे मुळीच जाऊ नये. तिथे प्रार्थना होऊन जाते, आणि हजेरी लागत नाही.