ठोकाजीची भरदार अक्षरं

मुलांनो, एका जंगलात ठोकाजी नावाचा सुतारपक्षी राहायचा. चोचीने फळ्यांवर अक्षरं कोरणं हा त्याचा धंदा.

पूर्वी तो फार नाजूक अक्षरं कोरायचा. वळणदार, टोकाकडे निमुळती. नदीवरच्या ओंडक्याशी त्याने पाटी लावली, 'ओंडका कुजला आहे'. पाटीचं सगळ्यांनी कौतुक केलं, पण ती लांबून कुणालाच वाचता येईना. एक रानडुक्कर ओंडक्यासकट वाहून गेलं.

ठोकाजीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने नवी अक्षरं घडवली. अंगाने सगळीकडे सारखीच जाड. प्रत्येक दांड्याच्या पायाशी आडवा, चौकोनी ठोकळा. पलीकडच्या टेकडीवरूनही ती वाचता यायची.

"इतकी ठाम अक्षरं खोटं बोलतील होय?" जनावरं म्हणू लागली. 'पाणी गढूळ आहे' अशी पाटी दिसली, की तहानलेला गवासुद्धा मागे फिरायचा.

हे वाघाच्या प्रधानाला कळलं. प्रधान तरस होता. तो हसतच आला.

"ठोकाजी, जरा कोरून द्या. 'महाराज शाकाहारी झाले! मंगळवारी सहकुटुंब जेवायला या!' तुमच्या त्या भरदार अक्षरांत."

"खरंच झाले?"

"सोमवारी असतात ना! तेही कोरा की. 'शाकाहार फक्त सोमवारी.' खाली, मुंगीच्या पायाएवढं."

ठोकाजीला काही कळलं नाही असं नव्हे. पण प्रधानाने 'राजसुतार' ही पदवी देऊ केली, वर किड्यांनी भरलेलं एक अख्खं झाड. त्याने कोरलं.

मंगळवारी सकाळी गुहेसमोर ही रांग! पुढे एक भेकरीण, पाडसाचं तोंड चाटूनपुसून आणलेलं. ते पाडस ठोकाजीने पाहिलं. तो समोरच्या सागावर झेपावला आणि तशाच जाड अक्षरांत भराभर कोरलं, 'आत जाऊ नका. वाघ खातो.'

रांग थबकली. भेकरणीने दोन्हीकडे पाहिलं.

"अगं बाई, दोन्ही सारख्याच ठाम! खरी कुठली?"

"ही माझी खरी!" ठोकाजी ओरडला. "दोन्ही मीच कोरल्यात!"

"म्हणजे एक तरी खोटी कोरलीस ना, भाऊ? मग तुझं कशाला ऐकायचं? त्या पाटीवर निदान जेवण तरी आहे."

रांग आत गेली.

पुढे रीतसर चौकशी झाली. खालची ओळ न वाचल्याबद्दल मयतांना दोषी धरण्यात आलं. निकाल कोरायला अर्थातच राजसुतार. अक्षरं अशी काही देखणी उतरली, की मयतांच्या नातेवाइकांनीही माना डोलावल्या.

तात्पर्य: खरं कसंही लिहिलं तरी चालतं, नाहीतरी ते कुणी वाचत नाही. खोटं मात्र जाड अक्षरांतच लिहावं. खोट्याला पाय नसतात. ते बाहेरून बसवून घ्यावे लागतात.